चांगल्या हवेतली भाजी

पालकाची जुडी हातात घेतली की गिऱ्हाईक पहिल्यांदा ती उलटी करतं. का करतं ते त्यालाही माहीत नसतं, त्याची आई करायची म्हणून ते करतं. मग पानं फाकवतं, नाकाशी नेतं, एखादा देठ मोडून बघतं आणि सगळं झाल्यावर भाव विचारतं. भाव ऐकला की जुडी अशी खाली ठेवतं, जशी काही मीच त्याच्या हातात कोंबली होती. सबंध जन्म मी हे बघितलं. नाशकात सातपूरच्या भाजीबाजारात गोणपाट टाकून पालेभाजी विकली. मेथी, कोथिंबीर, शेपू, चुका आणि सगळ्यांत जास्त पालक. आता गुडघे बसू देत नाहीत आणि सून बसल्या जागी चहा देते, म्हणून लिहायला सवड आहे.

वाचनालयाच्या दिवाळी अंकाची माणसं घरी आली. "मावशी, तुमच्या संघर्षाबद्दल लिहा," म्हणाली. संघर्ष कसला? भाजी विकली, लोकांनी खाल्ली, ज्यांना पचली ते परत आले. रडारड वाचायची असेल तर अंकात दुसऱ्या कुणाची तरी असेलच. मी पालकावरच्या ठिपक्यांबद्दल लिहिते. त्या ठिपक्यांपायी माझी बाजारातली शेजारीण कायमची तुटायला आली होती. भाजीवालीचं नवऱ्यावाचून चालतं, माझं चाललंच. शेजारणीवाचून चालत नाही.

बाजारातली शेजारीण म्हणजे काय, हे पगारदार माणसाला कळायचं नाही. आपण लघवीला गेलो की ती आपला माल सांभाळते. सुटे नसले की देते. आणि गिऱ्हाईक कुरकुरायला लागलं की स्वतःचा माल सोडून आपल्या मालाची साक्ष देते, "घ्या ताई, आत्ता शेतातून आलीय." आत्ता कुठली, आदल्या संध्याकाळची असते. पण शेजारणीच्या तोंडून ते खरं वाटतं.

माझी शेजारीण जुबेदा. सायखेड्याची, गोदावरीच्या काठची. नवरा लवकर गेला, जमिनीचा एक तुकडा ठेवून गेला. मुलगा सलीम ती कसतो आणि छोट्या टेम्पोतून आईला आणि भाजीला नाशकात आणून सोडतो. जुबेदाचं आणि माझं गोणपाट एकमेकाला खेटून. तिची कोथिंबीर कुठे संपते आणि माझी मेथी कुठे सुरू होते, ते आम्हालाही नीट माहीत नसायचं. भांडायचोही रोज. पण ते भांडण म्हणजे तोंडाला चाळा.

माझी स्वतःची जमीन नाही. सातपूरला कारखान्यांच्या मागे, नाल्याच्या कडेला काही गुंठे मी वाट्यानं करायचे. तिथल्या हवेबद्दल काय सांगू? सकाळी कारखान्यांची पहिली पाळी भरायची वेळ झाली की मोटारसायकलींची रांग, बसेस, ट्रक, आणि सगळ्यांच्या मागच्या नळ्या माझ्या वाफ्यांकडे. धुतलेलं लुगडं वाळत घातलं तर ते वाळायचंही आणि रंगायचंही. तरी पालक झकास यायचा. पालकाला फार लाड लागत नाहीत. बी टाकायचं, पाणी द्यायचं, महिनाभरात कापायला येतो, कापला की पुन्हा फुटतो. संध्याकाळी ऊन उतरल्यावर कापायचा, पाण्यातून काढायचा आणि जुडी बांधायची. मोठी, देखणी पानं बाहेर, बारकी, वाकडी आत. याला फसवणूक म्हणू नये. लग्नात मुलीकडचे सुद्धा पुढच्या रांगेत कुणाला बसवतात ते आठवावं.

तर एका उन्हाळ्याच्या तोंडाला त्या देखण्या पानांवर ठिपके आले. बारीक, फिकट, रवा सांडावा तसे. चार दिवसांनी ते तपकिरी झाले. कोवळ्या पानांवर नाहीत, जुन्या, थोराड पानांवर. आणि फक्त वरच्या अंगाला. पान उलटं केलं की पाठ स्वच्छ. म्हणून म्हटलं, जुडी उलटी करून बघणारी गिऱ्हाइकं मला त्या उन्हाळ्यात फार आवडली.

बाकीच्यांना ठिपके दिसायचे. पान घेऊन मी शेतीच्या औषधांच्या दुकानात गेले. दुकानदार हुशार माणूस. पान बघून म्हणाला, "करपा आहे." करप्याची बाटली दिली. फरक पडला नाही. पुन्हा गेले तर म्हणाला, "मग फुलकिडे." फुलकिड्यांची बाटली. तिसऱ्यांदा "लाल कोळी." मी म्हटलं, "कोळी असता तर दिसला असता की."

"तो डोळ्यांना दिसत नाही, मावशी."

"मग तुम्हाला कसा दिसला?"

तेवढ्यात त्याला दुसरं गिऱ्हाईक आलं. जो रोग दिसत नाही त्याचं औषध सगळ्यांत महाग असतं, एवढं मात्र त्या दुकानात शिकले.

त्याच सुमाराला मला एक बाई भेटल्या. चांगल्या घरच्या, कापडी पिशवीवाल्या. त्यांच्या डॉक्टरनं सांगितलं होतं की विष फवारलेली भाजी खाऊ नका, आणि कुणीतरी सांगितलं होतं की पान डागाळलेलं असलं म्हणजे त्यावर विष नाही. ठिपके बघून त्यांचा चेहरा उजळला. "सेंद्रिय आहे ना हो हे?"

मी तीन औषधं मारलेली जुडी त्यांच्या पिशवीत घातली आणि म्हटलं, "तुमच्या डोळ्यांपुढे आहे, बाई." खोटं बोलले नाही. जुबेदा कोथिंबिरीच्या ढिगात तोंड घालून हसत होती. तेव्हापासून त्या बाईंचं नाव आम्ही सेंद्रिय बाई ठेवलं.

पण एका सेंद्रिय बाईवर धंदा चालत नाही. लोक म्हणायचे, कंपनीचा धूर आहे, दुसरं काय. मलाही पटलं. धूर तर नाकासमोर होता. जुबेदा म्हणाली, "तुझी हवाच सडलेली हाय, इंदूबाई. आमच्याकडं चल. नदीचं पाणी, मोकळी हवा, धूर औषधालाबी नाय. अर्धं रान तू लाव, अर्धं मी. टेम्पो हायेच."

मी सातपूरचे गुंठे सोडले. मालकानं दुसऱ्या महिन्यात तिथे पत्र्याची शेड ठोकून वर्कशॉपला भाड्यानं दिली. म्हणजे परतीची वाट बंद. सायखेड्यात हिवाळाभर पालक असा आला की सांगायची सोय नाही. काळीभोर, हातभर पानं. बाजारात मी फुशारकी मारायचे, "चांगल्या हवेतली भाजी आहे. खाऊन बघा, श्वास मोकळा होईल." लोक घ्यायचे. लोकांना हवा विकत मिळाली की बरं वाटतं.

होळी झाली, ऊन तापलं, आणि एका सकाळी वाफ्यावर गेले तर सातपूरला नुसता रवा सांडला होता, इथे पोतं फुटलं होतं. थोराड पान एकही सुटलं नव्हतं. जिथे पाणी भरपूर, पालक टवटवीत, तिथे तर जास्तच. आणि जवळपास धुराडं नाही, रस्ता नाही, काही नाही. बगळे, ऊस आणि नदी.

आता शेतात काम केलेल्या माणसाला अशा वेळी एकच सुचतं: शेजारच्या रानातला फवारा. बांधापलीकडे सलीमचा ऊस होता. उसातलं तण मारायला औषध मारतात. वारा फिरला की त्याचे शिंतोडे बाजूच्या पिकावर येतात आणि पानं डागाळतात. कैक भाऊबंदांची डोकी या एका कारणानं फुटलेली आहेत. मी सलीमला विचारलं. तो म्हणाला, मारलंच नाही. फवारा मारणारा प्रत्येक जण हेच म्हणतो.

बाजारात जुबेदाला सांगितलं, "तुझ्या पोरानं औषध मारलं आणि वर तोंड करून नाही म्हणतो."

तिच्या हातातली कोथिंबीर तशीच राहिली. "सलीम झूठ बोलत नाय."

"मग पालकाला काय देवी आल्या?"

"देवी तू आणल्या! बी कुणाचं? तुझं. सातपूरचं. कंपनीचा रोग पदरात बांधून आणला आणि माझ्या मातीत पेरला. मैं पहले दिन से देख रही हूँ. तुला बोलले नाय, एवढंच."

"पहिल्या दिवसापासून बघत होतीस तर वाटा कशाला घेत होतीस?"

"वाटा माझ्या जमिनीचा हाय, तुझ्या रोगाचा नाय!"

पुढचं छापण्यासारखं नाही. तिचं हिंदी आणि माझं मराठी, दोन्हीही चांगल्या घरातली नव्हती. दुसऱ्या दिवशी जुबेदानं आपलं गोणपाट हातभर सरकवलं आणि मधल्या जागेत पाण्याची बादली ठेवली. भाजीवर शिंपडायची बादली, आम्हा दोघींची मिळून एक. आता ती हद्दीचा दगड झाली. सलीम माझ्या गोण्या आधीसारख्याच आणायचा, पण खांबापाशी टाकून जायचा, बोलायचा नाही. त्या हंगामापुरतं रान माझ्याकडे होतं. पावसाळा लागला की ते काढून घेणार, हे न सांगता ठरलं होतं. सातपूरचं गेलं होतं, सायखेड्याचं जाणार, टेम्पो जाणार, आणि या वयात मला नवीन शेजारीण कोण देतो? राहता राहिलं घर आणि सुनेचा चहा.

गिऱ्हाइकांना मात्र मजा आली. एक जण इकडे भाव विचारून तिकडे सांगायचा, तिकडे विचारून इकडे. दोघींनी भाव पाडले. तेवढे दिवस सातपूरकरांनी पालेभाजी पोटभर खाल्ली.

एक मात्र मला दिसत होतं. जुबेदाचा खोकला. उन्हाळ्यात शेतात दुपारभर काम केलं की तिला कोरडा खोकला यायचा, छातीत घट्ट व्हायचं. बाजारात आली की तासाभरात उतरायचा. आधी आम्ही यावर हसायचो. ती म्हणायची, "मला सातपूरचा धूरच मानवतो, गावची हवा सोसत नाय." त्या वर्षी खोकला जास्त होता. पण बादली मध्ये होती, तेव्हा विचारायचं कसं?

अशात बाजारात एक मुलगी आली. ऋतुजा तिचं नाव. ओझरची, वडील विमानांच्या कारखान्यात कामाला, ही शेतकी कॉलेजात शिकणारी. ती भाजी घ्यायची सोडून पानांचे फोटो काढायला लागली. मी म्हटलं, "फोटोची भाजी होत नाही, पोरी."

"आजी, हे ठिपके कुठल्या शेतातले?"

"हिच्या," मी बादलीपलीकडे बोट दाखवलं.

"हिच्या बियाचे," जुबेदानं माझ्याकडे बोट दाखवलं.

मुलीला वाटलं असेल आम्ही वेड्या. पण ती खाली बसली. म्हणाली, मला या ठिपक्यांचाच अभ्यास करायचा आहे. एकच बी, एकच माती, तीन कुंड्या भरून तीन जागी ठेवायच्या. एक इथे सातपूरच्या नाक्यावर, एक ओझरला तिच्या घराच्या गच्चीवर आणि एक सायखेड्याला. सगळ्यांना सारखं पाणी, सारखं ऊन. मग कुठल्या कुंडीला किती ठिपके येतात ते बघायचं.

दोघींनी लगेच हो म्हटलं. दोघींनाही दुसरीला तोंडावर पाडायचं होतं. माझा हिशेब सोपा. सायखेड्याची कुंडी शाळेच्या गच्चीवर ठेवायची, उसापासून लांब. तिथे पालक स्वच्छ राहिला की ठरलं, दोष सलीमच्या फवाऱ्याचा. जुबेदाचा हिशेबही तितकाच सोपा. बी कॉलेजचं, माझं नाही. पालक स्वच्छ राहिला की ठरलं, दोष माझ्या बियाचा. आणि नाक्यावरची कुंडी धुरात करपून जाणार, यावर दोघींचं एकमत. फक्त ते एकमेकींना सांगायची सोय नव्हती. विज्ञानाची प्रगती बहुतेक अशीच होत असावी.

नाक्यावरची कुंडी चहाच्या टपरीच्या पत्र्यावर चढली. चहावाल्यानं पाणी घालायचं कबूल केलं. त्याचं पाणी आणि त्याचा चहा यांत फारसा फरक नसल्यामुळे मला जरा धास्ती होती. खाली रिक्षांचा थांबा, समोर सिग्नल, दिवसभर इंजिनं घुरघुरतात. मी येता-जाता वर बघायचे आणि म्हणायचे, गेलीस गं बाई तू. सायखेड्याची कुंडी शाळेत खिचडी शिजवणारी बाई सांभाळत होती. ती दोघींच्याही नात्यातली नव्हती, हे आधी बघून घेतलं.

उन्हाळा भरात आला तेव्हा ऋतुजा तिन्ही कुंड्या घेऊन बाजारात आली. सलीमच्याच टेम्पोतून आणल्या. बादलीच्या बाजूला ओळीनं मांडल्या. एक जवळजवळ स्वच्छ. एक मध्यम. आणि तिसरी बघवत नव्हती, पानागणिक तपकिरी कशिदा.

ती म्हणाली, "आजी, ओळखा बघू, नाक्यावरची कुठली?"

मी तिसरीकडे बोट दाखवलं. त्याच वेळी बादलीपलीकडून दुसरा एक हात तिसरीकडेच आला. कैक दिवसांत पहिल्यांदा आमचं एका गोष्टीवर जमलं.

"चूक," मुलगी म्हणाली. "ही सायखेड्याची. मधली ओझरची. स्वच्छ आहे ती टपरीवरची."

"अदलाबदल केलीस," मी म्हटलं.

"बुडाला नावं लिहिलीत. बघा."

जुबेदानं कुंडी उचलून बूड बघितलं. मग माझ्यासमोर धरलं. तिला वाचता येत नाही, मला येतं. सायखेडा असं लिहिलं होतं.

फवारा नव्हता. बी नव्हतं. मग काय होतं? ऋतुजा म्हणाली, ओझोन. मी म्हटलं, तो वर असतो ना, भोक पडलंय ते? नातवाच्या पुस्तकात होतं. ती म्हणाली, तोच, पण तो फार उंचावर आहे, तिथे तो आपल्याला उन्हापासून वाचवतो. जमिनीलगत झाला की झोंबतो. मी म्हटलं, म्हणजे व्याह्यांसारखा, लांब असला तर चांगला. तिला हसू आलं. अजून लग्न नव्हतं झालं तिचं.

मग तिनं जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते, कारण तिच्या भाषेत मलाही नीट कळलं नाही. हा ओझोन कुठल्याही नळीतून बाहेर पडत नाही. गाड्यांचा, कारखान्यांचा धूर असतो, त्यावर कडक ऊन पडलं की तो हवेतल्या हवेत तयार होतो. दह्यासारखा. विरजण लावल्या लावल्या दही होत नाही, वेळ लागतो. नाशकात सकाळी लाखो माणसं गाड्या काढून विरजण लावतात. उन्हाळ्यात वारा पश्चिमेकडून, तो धूर वाहून नेतो ओझरकडे, सायखेड्याकडे. वाटेत ऊन लागतं, आणि दुपारी तिथे पोचेपर्यंत दही झालेलं असतं. शहर लावतं, गाव खातं.

"आणि नाक्यावर का नाय?" जुबेदानं विचारलं. "तिथं तर एवढ्या गाड्या."

"तिथला ताजा धूरच ओझोनला खाऊन टाकतो," ऋतुजा म्हणाली. "म्हणजे हवा चांगली नाही हं. धूर आहे, धूळ आहे. फक्त ओझोन कमी. आणि रात्री ऊन नसतं, तेव्हा नवीन तयार होत नाही. पावसाळ्यात ढग असतात, पाऊस धुऊन नेतो, तेव्हा फार कमी. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत दुपारी सगळ्यांत जास्त."

"आणि पाण्यावरचा पालक जास्त का बिघडतो?" मी विचारलं.

"पाणी भरपूर असलं की पान आपली बारीक तोंडं उघडतं. तोंड उघडलं की हवा आत जाते."

म्हणजे जितके लाड, तितके ठिपके. हे घरीही बघितलंय.

 मग जुबेदानं खोकल्यासारखं केलं, खोटं, आणि विचारलं, "माणसाच्या छातीलाबी होतं का हे?"

मुलीनं हो म्हटलं. दुपारी उन्हात राबणाऱ्याला जास्त होतं. दम्यावाल्याला तर फारच.

मी बादलीकडे बघत बसले. आम्ही दोघी पानांवर भांडत होतो, आणि हिच्या छातीत जे चाललं होतं त्यावर वर्षानुवर्षं हसलो होतो.

त्याच क्षणी, देवाला वेळ कळते की नाही माहीत नाही, एक साहेब गाडीवरून आले. उतरले नाहीत. आमच्या गोणपाटाला चाक लावून, इंजिन चालू ठेवून, वरूनच पालकाची जुडी मागितली. मी दिली. त्यांनी उलटी केली, सरळ केली, आणि नाक मुरडलं. "काय हो मावशी, सगळी ठिपक्यांची? असला माल विकता? काय मारलंय काय यावर?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बादलीपलीकडून आवाज आला.

"साहेब, तुमच्याच गाडीनं काढलेली नक्षी हाय ती. सकाळी इथनं पाठवली, दुपारी आमच्या गावाला पोचली. तुमची चीज तुम्हाला परत. घ्या."

साहेबांना काही कळलं नाही. "काय बोलताय?"

"इंजन बंद करा म्हणते. हिचा माल एक नंबर हाय. सायखेड्याचा, माझ्या रानातला. ठिपका वर हाय, आत कायपण नाय. खाऊन बघा, आणि नाय तर पुढं जावा, धूर होतोय."

साहेब पुढे गेले. जुडी घेतली नाहीच, पण जुबेदा माझ्या मालाची साक्ष देऊन बसली होती. आता ती मागे घेता येत नव्हती. तिनं बादली उचलली, थोडं पाणी आपल्या कोथिंबिरीवर मारलं, थोडं माझ्या पालकावर, आणि बादली आपल्या मागे नेऊन ठेवली. मी गोणपाट हातभर सरकवलं. माफी कुणी मागितली नाही. मागायची वेळ आली असती तर आधी कुणी, यावरून आणखी एक उन्हाळा गेला असता. संध्याकाळी सलीमनं टेम्पो आणला आणि माझ्या रिकाम्या गोण्या न सांगता आत टाकल्या. जाताना हळूच म्हणाला, "खाला, खरंच नव्हतं मारलं." मी म्हटलं, "सांभाळून चालव, ब्रेक नीट लागत नाहीत तुझे."

पुढचं थोडक्यात. ओझोनवर फवारायचं औषध नसतं हे ऐकून औषधवाल्याला वाईट वाटलं. आम्ही उन्हाळ्यात पालक थोराड होऊच द्यायचा नाही असं ठरवलं. ठिपके जुन्या पानांवर येतात, तर पान जुनं व्हायच्या आत कापायचं. बारकी, कोवळी पानं. पोटापुरता धंदा झाला. सेंद्रिय बाई त्या कोवळ्या पानांना काहीतरी इंग्रजी नाव घेऊन जास्त भाव द्यायच्या. आम्ही नाव पाठ केलं नाही, भाव केला.

सातपूरचे गुंठे सोडल्याचं मात्र मला अजून लागतं. धूर डोळ्यांना दिसत होता म्हणून सोडले, आणि जे दिसत नव्हतं त्याच्या तोंडी स्वतःहून जाऊन बसले. तिथे आता लोखंड कापतात.

सेंद्रिय बाईंनी मध्यंतरी सायखेड्याच्या बाजूला बंगल्यासाठी जागा घेतली. त्यांच्या यजमानांना दमा आहे, मोकळ्या हवेत ठेवायचं म्हणाल्या. मी सांगितलं, "ठेवा, पण उन्हाळ्यात दुपारी बाहेर फिरवू नका. सकाळी लवकर फिरवा." त्या हसल्या. "मावशी, तिथे किती झाडं आहेत!" मी म्हटलं, झाडांनाच विचारा मग.

नाक्यावर आता हवेचा आकडा दाखवणारा मोठा बोर्ड लावलाय. कधी हिरवा असतो, कधी पिवळा. लोक सिग्नलला थांबून बघतात आणि हिरवा असला की खूश होतात. तो बोर्ड नाक्यावरची हवा सांगतो. सायखेड्याला बोर्ड नाही, तिथे पालक आहे.

मी बाजारात बसायचं सोडलं. जुबेदा अजून जाते, सकाळी रानात आणि संध्याकाळी बाजारात. दुपारी घरात राहायचं, असं ऋतुजानं तिला सांगून ठेवलंय आणि तिनं ऐकल्याचं नाटक चालू ठेवलंय. म्हणून होळी झाली की मी रोज जेवण झाल्यावर तिला फोन लावते. बोलण्याआधी कान देते. मागून पाण्याच्या मोटारीचा आवाज आला की समजते, बाई वाफ्यावर आहे.

"घरात जा," मी म्हणते.

"जाते. तू कोण सांगणार? बी तुझंच होतं."

"आणि फवारा तुझ्या सलीमचा."

मग ती खोकते, शिव्या घालते, चपला फरपटत चालायला लागते. दार लोटल्याचा आवाज येईपर्यंत मी फोन ठेवत नाही.